बरण्यांतून आणलेली खाडी

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर समुद्र वाळवला. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं आणि खाली राहील ते मीठ लाकडी फळीनं ओढून ढीग घालायचे, हा त्यांचा धंदा. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या पहिल्या पहिल्या वर्षांत त्यांचा पाय मोडला, आगर पुतण्याच्या हाती गेलं आणि ते आमच्याकडे अंबरनाथला आले. माझा नवरा पूर्वेकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. आमचं लग्न नवं, कारखान्याच्या चाळीतलं क्वार्टर दोन खोल्यांचं, आणि त्या दोन खोल्यांत बाबांना करायला काम म्हणून नव्हतं.

ते दिवसभर ओट्यावर बसत. आत दाराजवळच्या खुंटीला त्यांचं गाठोडं टांगलेलं असे. जुन्या धोतराच्या फडक्यात दोन सदरे, तंबाखूची डबी, विळा आणि घोंगडी, वर करकचून गाठ. ते सोडून कपडे कपाटात लावू का, असं मी आल्या दिवसापासून विचारत होते. त्यांचं एकच उत्तर, "नको गो बाय. मना घरा जावाचा हाय." पावसाआधी गावचं घर शाकारायला जायचं आणि तिथंच राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या घरात आता दुसरं कुणी नव्हतं. आधीच्या पावसाळ्यात ते तिथं तापानं फणफणून पडले होते आणि हे पुतण्याला कळलं तेव्हा त्यांना उठून पाणी घ्यायचीही ताकद नव्हती. माझे वडील मी लहान असतानाच वारलेले. हा म्हातारा मला हवा होता, अगदी हट्टानं हवा होता. खुंटीवरचं ते गाठोडं पाहिलं की माझं डोकं फिरायचं.

मुंबईला समुद्राकाठी नवं मत्स्यालय उघडलं होतं. एका रविवारी आम्ही तिघं ते बघायला गेलो. मी चिखलोलीची, भातशेतीवाल्याची पोर, समुद्रच मुळी लग्नानंतर पाहिलेला. मी आपली प्रत्येक काचेपुढे "अगं बाई, अगं बाई" करत नाचत होते. थोड्या वेळानं पाहते तर बाबा मागेच राहिलेले. एका काचेला नाक लावून उभे, तोंड उघडं. आत काही रंगीबेरंगी नव्हतं, साधी करडी बोयट्यांची पिल्लं होती, त्यांच्या खाडीत हजारोंनी मिळतात तशी. मी जवळ गेले तर म्हणाले, "पोरी, आजवर मी मावरा वरनशी बगला, नायतर ताटान बगला. बाजूनशी कदी बगलाच नाय."

त्यांची खाडी गढूळ, चिखलाची. आयुष्य पाण्यात गेलं, पण पाण्याच्या आत काय चाललंय ते त्यांना कधी दिसलंच नव्हतं. परत येताना कल्याणपर्यंत ते बोलत होते! बोयटं कल्ले कसे हलवतं, डोळा कसा फिरवतं, शेपटी न हलवता जागच्या जागी कसं उभं राहतं. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी एवढे शब्द उच्चारले नव्हते. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं आणि कानात सांगितलं की आपण हे घरी करायचं. तो म्हणाला, "अगं, वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, हो. त्यालाही लागायला फार वेळ लागला नाही, कारण स्टेशनवरून घरी चालत येईपर्यंत तो हवा कुठून सोडायची याचा विचार करत होता.

आता हौस राजाची आणि पगार प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा. नवी काच घेणं आमच्या बापजन्मात शक्य नव्हतं. पण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एक सिंधी मिठाईवाले होते, मी त्यांच्याकडून कधीमधी शेव नेत असे. त्यांच्या दुकानातलं मिठाईचं काचेचं कपाट एका कोपऱ्यात तडकलं होतं आणि ते त्यांनी मागच्या गल्लीत काढून ठेवलेलं मी पाहिलं होतं. मी जाऊन सरळ मागितलं.

"अदी, इसमें पानी?" ते मला अदी, म्हणजे ताई म्हणत; कपाळाला हात लावून म्हणाले. "इसमें तो मैं बर्फी रखता था!"

मी त्यांना सगळं सांगितलं, बाबांचं, खाडीचं, बोयट्यांचं. ते ऐकता ऐकता गल्ल्यावरून उठून बाहेर आले. "कराची में हमारी छत से समुंदर दिखता था, अदी. यहाँ छत भी गई, समुंदर भी गया." मग त्यांनी स्वतःच ते कपाट हातगाडीवर चढवलं. अट एकच, तयार झालं की पहिलं बोलावणं त्यांना. काच पुसताना मला फटीत बर्फीवरचा चांदीचा वर्ख सापडला, तो मी कपाळाला लावून दिवसभर मिरवला.

ट्यूब बदलापूरची. तिथल्या भाताच्या गिरणीवर ट्रक येत, त्यातल्या एकाची टाकून दिलेली ट्यूब नवऱ्यानं सायकलवर गळ्यात घालून आणली. युक्ती अशी की ट्यूब सायकलच्या पंपानं टम्म फुगवायची, तिला प्रयोगशाळेतली बारीक रबरी नळी जोडायची, नळीवर चिमटा आवळायचा आणि तिचं टोक पाण्यात सोडायचं. टोकाला वेताचा तुकडा ठोकला की त्यातून बारीक बारीक बुडबुडे येतात. त्यानं ते आधी बादलीत करून दाखवलं. पहिला बुडबुडा वर आला तेव्हा आम्ही दोघांनी अशी काही आरोळी ठोकली की शेजारची बाई लाटणं घेऊन धावत आली.

सांधे मात्र गळत होते. नवऱ्यानं खिडकीच्या काचा बसवतात ते लुकण लावलं, ते निघालं. मेण लावलं, तेही निघालं. खोलीभर पाणी, आम्ही गुडघ्यांवर, आणि बाबा ओट्यावरून मान वळवून वळवून बघताहेत. तिसऱ्यांदा पाणी वाहिलं तेव्हा ते उठले, लंगडत आत आले, मुलाच्या हातातली सुरी काढून घेतली आणि राळ मागितली. होडीच्या फळ्यांमधून पाणी शिरू नये म्हणून राळ आणि तेल कढवून कापसाबरोबर फटीत भरतात, तसं त्यांनी बर्फीच्या कपाटाला भरलं. वरून लाकडी पट्ट्या ठोकल्या, काच पातळ म्हणून अर्धंच पाणी भरायचं असंही बजावलं. पाणी भरलं. थेंब गळला नाही. मी त्यांच्या पाया पडले तर म्हणाले, "येवरा करून जाताना बरा वाटंल." म्हणजे जायचं होतंच.

खारं पाणी आणायची सोय पुतण्याकडून झाली. मिठाचे मचवे खाडीतून कल्याणच्या बंदराला लागत, त्यातून तो आगरावरचं पाणी पाठवणार होता. कल्याणपर्यंत खाडी आहे, पण तिथलं पाणी निम्मं नदीचं, ते चालणार नव्हतं. प्रश्न आला तो भांड्यांचा. मी घासलेटचे रिकामे डबे धुवून ठेवले होते. बाबांनी ते पाहिले मात्र, आणि त्यांच्या अंगात आलं.

"दर्याचा पानी डब्यान? आगराची उघाडी पयली उघरली का पयला पानी आमी तांब्याचे कलशान घेताव, पूजा करताव. तांब्यानच आनाचा!"

उघाडी म्हणजे बांधातलं दार, त्यातून भरती आत घेतात. मोसमाचं पहिलं पाणी तांब्यातच घ्यायचं ही त्यांच्या घरची रीत. आणि आम्हालाही ते किती पटलं! तांब्याइतकं शुद्ध भांडं कोणतं? मी लग्नातला हंडा काढला, शेजारणीचे दोन मागून आणले आणि चिंच-मिठानं असे लखलखीत घासले की त्यात तोंड बघून मी कुंकू लावलं. नवऱ्यानं त्यांना हार घातले. प्रयोगशाळेतला माणूस, पण हार घातले!

भरलेले हंडे कल्याणहून बैलगाडीतून आले. वर केळीची पानं, त्यावर फडकं. सोबत एका मडक्यात निवट्या, कोळंब्या, नखाएवढे खेकडे आणि थोडी बोयटी. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला उड्या मारणारा मासा, डोळे डोक्यावर बसवलेले आणि चेहरा चिडक्या मास्तरासारखा. बाबा मडक्यात डोकावून म्हणाले, कालवणाला थोड्या कमी पडतील. मग स्वतःच खुदकन हसले. पाणी दोन दिवस हंड्यांतच निवळत ठेवलं, मग टाकीत ओतलं, बुडबुडे सोडले आणि सगळी मंडळी आत सोडली.

काय तो आनंद! निवट्या सरसर काचेवर चढल्या आणि आमच्याकडे बघत बसल्या. नवरा म्हणाला, त्या आपल्याला ओळखायला लागल्या. मी म्हटलं, मला जास्त ओळखतात. आम्ही त्यांना "या, या" म्हणत होतो आणि त्या बिचाऱ्या पाण्यापासून पळत होत्या, हे आमच्या डोक्यात आलं नाही. सकाळी कोळंब्या तळाशी आडव्या पडल्या होत्या. खेकडे पाय मुडपून उलटे. बोयटी वर तरंगत होती. निवट्या तेवढ्या लाकडी पट्टीवर जाऊन बसलेल्या, त्या मी मडक्यात टाकून ओल्या चिखलावर ठेवल्या.

हंड्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं. नवऱ्यानं ते उजेडात धरलं, बाजूला हिरवट-निळी झाक होती. त्यानं हंडा खाली ठेवला. "मोरचूद," म्हणाला. "तांब्याचं विष. मी रोज हातात धरतो मोरचूद. खारं पाणी तांब्याला खाणार हे मला कळू नये?" मी त्याला डोळ्यांनी दटावेपर्यंत उशीर झाला होता. बाबा दारात उभे होते.

ते आत आले. गाठोडं खुंटीवरून काढून ओट्यावर नेऊन ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसले. मी चहा नेला. म्हणाले, "आगरान जल्मभर पानी मारला. हितं आलाव तं मावरा पन मारला." मला इतकं वाईट वाटलं की मी रागावलेच. मला दुःख झालं की मी चिडते, तो माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "मग असं अर्धवट टाकून जाणार? पुनवेचं उधाण चार दिवसांवर आलंय. तुमच्या पुतण्याला भरती कळते की ओहोटी? गेल्या वेळी त्यानं ओहोटीचं पाणी पाठवलं, मी चव घेतली होती." हे साफ खोटं होतं. पुतण्या चांगला जाणता होता आणि मी चवबिव काही घेतली नव्हती. पण बाबांच्या भुवया वर गेल्या. ओहोटीचं पाणी हा त्यांना अपमान वाटला. म्हणाले, पुनवेला मी सोता जाईन.

आता भांडी कुठली? डब्यांना आतून गंज होता, मडकी मचव्यात फुटतात. तेव्हा फाल्गुन होता, घरोघर लोणच्याच्या बरण्या तळाला गेलेल्या. चिनी मातीच्या बरणीला मीठ काय करणार? मीठ तिच्यात वर्षभर असतंच. हे मला सुचलं, नवऱ्याला नाही, हे नमूद करून ठेवते. मी चाळीतल्या सगळ्या बायकांकडे गेले. "अगं, समुद्रासाठी बरणी दे." एकीनं लोणचं ताटलीत काढून दिली, एकीनं सासूला न सांगता दिली. मग राख आणि कढत पाणी, राख आणि कढत पाणी. तेलाचा वास गेला की नाही हे नवरा प्रत्येक बरणीत नाक खुपसून ठरवत होता. एका बरणीचा हिंग काही केल्या जाईना, ती त्यानं नापास केली. तिची मालकीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी बाबा गवतात बसवलेल्या बरण्या घेऊन बैलगाडीनं कल्याणला निघाले. मचव्यातून आगरापर्यंत जायचं आणि उधाणाच्या पाण्यावरच परत फिरायचं असं ठरलं. ते गाडीत बसले आणि मग हात पुढे करून म्हणाले, "ता गाठोडा दे." मी दिलं. काय करणार? गाडी वळणाआड गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, गेले हो, आता बरण्याच तेवढ्या परत येतील. त्यानं धुतलेल्या टाकीत साधं पाणी घेतलं आणि बुडबुडे सोडत बसला. त्या दोन दिवसांत मी भात दोनदा करपवला.

ठरल्या दुपारी गाडी आली. पुढे बरण्या, त्यांच्यामागे पाय लांब करून बाबा, आणि मांडीवर गाठोडं. मी अशी धावले की चप्पल रस्त्यातच राहिली. ते खेकसले, "धावतंस काय? बरन्या फुटतील म्हनून आलाव. तो पोर गवत नीट लावीत नाय." गाठोडं आत नेऊन त्यांनी परत खुंटीला टांगलं. गाठ तशीच.

पण या वेळी पाणी जमलं. बाबांनी ते निवळू दिलं, बंदरावरची रेती धुवून तळाला घातली, एका बाजूला चिखलाचा उंचवटा करून निवट्यांना ओटा करून दिला. मग नव्या कोळंब्या सोडल्या, खेकडे, बोयटी. सकाळी मी डोळे मिटूनच त्या खोलीत गेले. उघडले तर कोळंबी काचेपाशी उभी राहून मिशा हलवत होती. अंगातून आरपार दिसत होतं तिच्या! मी तिथंच फुगडीची गिरकी घेतली. दुसऱ्या दिवशीही ती जिवंत, तिसऱ्याही. सगळी चाळ बघायला येऊ लागली, आणि आमच्याकडे नियमच झाला की आधी ट्यूबला पंप मारायचा, मग मासे बघायचे. कारखान्यातले एक मोठे साहेब आले, त्यांनाही कोट काढून पंप मारायला लावला. बाबा काचेसमोर पाटावर बसून सगळं समजावून सांगत. तरी अधूनमधून म्हणत, "आता पावसाच्या आधी मना जावाचा हाय." त्यांचं गावचं घर, तो पावसाळा, तो ताप, सगळं मला तसंच दिसायचं.

मिठाईवाल्यांना निरोप गेला होताच. अमावास्येनंतर नवा चंद्र दिसतो त्या संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले, अंगावर धुतलेले कपडे, हातात कणकेचा दिवा आणि पिवळा गोड भात. आपल्या कपाटात हिरवट पाणी आणि बोयटी फिरताना पाहून त्यांनी काचेवर तळहात टेकवले. मग डोळे भरून आले. "हमारा साईं मछली पे बैठके आता है, अदी," असं म्हणत त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, खिशातून तांदूळ आणि साखर मूठभर काढली आणि कुणाला काही कळायच्या आत टाकीत वाहिली. त्यांचा देव पाण्याचा, त्याला ते असंच वाहतात.

"आरं! आरं मारलास!" बाबा पाटावरून असे उठले की मोडका पाय विसरले. त्यांनी मिठाईवाल्यांचं मनगट धरलं. साखर तोवर विरघळायला लागली होती, तांदूळ तळाशी पसरत होता, आणि एक मूर्ख बोयटं ते खात होतं. मिठाईवाले पांढरेफटक पडले. "मैंने क्या किया? मैंने क्या किया, बाबा?" त्यांची बायको दिवा दोन्ही हातांनी धरून उभी.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात सोडला. मग खांद्यावर थाप मारली. "रडू नको. तू साखर घातलीस, मी तांबा घातला. देवाला चांगला द्यावाचा म्हनून दोघांनी घातला." त्यांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण रडू थांबलं. मग बाबा आमच्याकडे वळले आणि हुकूम सुटायला लागले. मी कोळंब्या चहाच्या गाळणीनं मडक्यात काढल्या. नवऱ्यानं ट्यूब फुगवली. बरण्यांत जादा भरून ठेवलेलं पाणी बाहेर आलं. साखर विरघळली तिथलं पाणी फेकून बाकीचं बादलीत उपसून गाळून परत घालायचं होतं. "फरका दे, दाट फरका!" बाबा ओरडले. मी फडकं शोधत इकडेतिकडे बघत होते. ते म्हणाले, राहू दे, आणि खुंटीकडे गेले.

त्यांनी ती करकचून बसलेली गाठ दातांनी सोडली. दोन सदरे, डबी, विळा, घोंगडी जमिनीवर पडली. धोतराचं फडकं त्यांनी दुहेरी केलं, त्याचं एक टोक मिठाईवाल्यांच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या, आणि दोघं म्हातारे वाकून समुद्र गाळायला लागले. मिठाईवाल्यांची बायको गोड भाताची ताटली प्रत्येकाच्या तोंडाजवळ नेऊन घास भरवत होती, कारण हात कुणाचेच मोकळे नव्हते. एकही बोयटं मेलं नाही. तांदूळ खाल्लेलंसुद्धा.

सगळं पाणी परत भरून झाल्यावर बाबा पाटावर बसले, धापा टाकत. मी आता विचारलंच पाहिजे म्हणून विचारलं, "मग बाबा, घर शाकारायला कधी जायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मूर्खपणाची कमाल केली. "हा सगला टाकून? एक साखर वाहनारा, एक हार घालनारा, आनि तू चव न घेता भरती-ओहोटी सांगनारी. मी गेलाव तं ह्यांचा कोन बघंल?"

म्हणजे माझं खोटं त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, मी दोन्ही एकदमच करून घेतलं. धोतराचं फडकं ओलं होतं, ते बाबांनी स्वतः टाकीवर उन्हाच्या बाजूला ताणून बांधलं, बोयट्यांना सावली म्हणून. ते मग कायमचं तिथंच राहिलं. त्यांनी विचार बदलायच्या आत मी जमिनीवरचे दोन्ही सदरे उचलले, झटकले आणि कपाटात माझ्या लुगड्यांशेजारी ठेवून दिले.